गच्चीवरून नौतल

दुपारचे साडेतीन वाजले होते. वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात स्ट्रोक वॉर्डाशेजारच्या छोट्या खोलीत डॉक्टर मृणालिनी डब्यातला गार पुलाव खात होती. समोर कपाला टेकवलेल्या फोनच्या पडद्यावर अगस्त्य तारा थरथरत होता.

दहिवडीत तेव्हा रात्रीचे नऊ झाले होते. तिचे वडील पद्माकर घराच्या गच्चीवर एकटेच दुर्बिणीला फोन बांधून बसले होते. दर बुधवारी तिच्या सुट्टीच्या वेळात ते तिला दक्षिणेचं आकाश दाखवत. आयर्लंडमधून हा भाग कधी दिसतच नाही, याचं वाईट तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त वाटे. तारा भिंगातून सरकत सरकत कडेला जाई. मग ते दुर्बीण हलवून त्याला परत मधोमध आणत.

आज नौतलाची पाळी होती. नौतल म्हणजे जहाजाचा तळ, अगस्त्य ज्यात येतो तो तारकासमूह. अगस्त्य सोडला तर त्यातलं फारसं काही फोनवर उमटत नव्हतं, म्हणून बाकीचं ते बोलून दाखवत होते. अगस्त्याच्या खाली डावीकडे मूठभर साखर सांडावी तसा तारकागुच्छ. त्याच्या शेजारी फसवा त्रिशंकू, नवख्यांना चकवणारा. आणि इटा नावाचा तारा आता डोंगराआडून वर येईलच. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो एकाएकी असा भडकला, की काही दिवस अगस्त्यालाही मागे टाकून गेला, आणि मग विझत गेला. त्याच्याभोवतीचा तेजोमेघ बघायचा तर अर्धा तास थांबावं लागेल. मृणालिनी म्हणाली, अर्धा तास तिला मिळणार नाही.

"बरं, मग याच्या डावीकडे बघ," बाबा म्हणाले. "चार खुर्च्या आहेत."

तिला वाटलं, गंमत करताहेत. "चार काय?"

"खुर्च्या. त्या खुर्चीला पाणी... पाणी लावलं की ती..."

शब्द जड झाले, एकमेकांत मिसळले. तिचा घास तोंडातच राहिला. असं बोलणं ती वॉर्डात रोज ऐकत होती. अगस्त्य पडद्याच्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला. दुर्बीण कुणी हलवली नाही.

तिनं तळहातावर पेनानं वेळ लिहिली. तीन बेचाळीस. रुग्णांच्या नातेवाइकांना ती रोज हेच विचारायची, नक्की किती वाजता सुरू झालं?

"बाबा, फोन काढा आणि तुमच्याकडे वळवा."

"हो, हो," बाबा म्हणाले. पाहुण्यांशी बोलताना म्हणत तसं. पडदा काळाच राहिला. तिनं दोन्ही हात वर करायला सांगितले. "हो, हो."

तिला बोलवायला आलेली नर्स ओर्ला दारातच थबकली. काही न विचारता तिनं आपला फोन पुढे केला. त्यावरून मृणालिनीनं शेजारच्या गुरुनाथकाकांना फोन लावला. बाबांना पक्षाघाताचा झटका आलाय, गच्चीवर आहेत, पाणी पाजू नका, एकशे आठला फोन करा, थेट साताऱ्याला न्या, सीटी स्कॅन असेल तिथेच. ती एका दमात बोलली. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. साताऱ्याला पोचायला दीड तास, त्याआधी गाडी यायला किती, कोण जाणे. ती मनात वजाबाकी करत राहिली.

पळत आल्याचे आवाज तिला दोन्ही फोनांतून ऐकू आले. मग बेल वाजली. काकांनी सांगितलं, दाराला आतून कडी आहे. त्यांची बायको स्नेहलता खालून हाका मारू लागली, "भाऊजी, दार उघडा!"

गच्चीवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

बेल वाजली की उठून दार उघडायचं, तेवढं त्यांना अजून कळत होतं. गच्चीच्या जिन्याला कठडा नव्हता.

"बाबा, उठू नका. काकू, बेल वाजवू नका! बाबा, बसून राहा!"

"हो, हो," असं म्हणत बाबा उठले. काही पावलं फरफटत गेली. मग काहीतरी जोरात पडलं. त्यानंतर नुसता वारा ऐकू येत राहिला, आणि खालून दारावर पहारीचे घाव. ओर्लानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मृणालिनी उठून उभी राहिली होती, पण जायला कुठेच जागा नव्हती.

तिनं घाव मोजले. अकराव्याला दार तुटलं.

कुणीतरी फोन दुर्बिणीवरून सोडवला. पडद्यावर आधी फरशी आली, मग स्नेहलताकाकूंचा पदर. बाबा जिन्याच्या अलीकडेच पडले होते, शुद्धीवर होते. काकांनी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं.

"पोरी, काय करू गं आता?" काकू रडत विचारत होत्या.

"त्यांचा चेहरा दाखवा."

काकूंनी फोन बाबांसमोर धरला. उजवा गाल ओघळला होता. डोळे पडद्यावर फिरले. तिच्या चेहऱ्यावर ते थांबले नाहीत. गळ्यातल्या स्टेथोस्कोपवर थांबले. मग बाबांनी अदबीनं तोंड उघडलं आणि तपासायला जीभ बाहेर काढली. ती उजवीकडे वळली होती.

मृणालिनीनं बघितलं.

"छान," ती म्हणाली. "आता जीभ आत घ्या."