विहिरीची ऊब

या मायबापहो, जवळ सरका, एका विहिरीची गोष्ट सांगतो.

गावातल्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात कोळसा बंद झाला, धुराडं गेलं. आता पंप जमिनीतली ऊब ओढून रंगाचं पाणी उकळतात. पण थंडीतही पहाटे कोमट लागणारं गावविहिरीचं पाणी यंदा बर्फागत गार झालं. आंघोळ घालताना गिरजामावशीचा तान्हा नातू काकडून निळा पडला, तशी ती कारखान्याच्या साहेबांकडे गेली.

"ऊब कुठनं आणता, साहेब?"

"जमिनीत नुसती पडून होती, मावशी."

"पडून? पिढ्यान्‌पिढ्या न्हातोय की आम्ही तिच्यात!"

साहेब हसले. "बरं, घरोघर गरम पाण्याचा नळ देतो. फुकट!"

मावशीने डोळे बारीक केले. "ऊब आमची, आन् तोटी तुमच्या हातात?"



कुणी काही फुकट देऊ केलं, तर हात जोडण्याआधी गिरजामावशीला आठवा, बरं का.