पीळ

“सोड तो पीळ. जीव घेतेस काय त्याचा?” सासू ओरडली.

सुनेनं मान वर केली नाही. नवऱ्याच्या मांडीवर तिनं फाडलेल्या चादरीची पट्टी बांधली होती, तिच्यात लाकडी डाव अडकवून पीळ घातला होता आणि आता डाव दोन्ही हातांनी घट्ट धरून ती बसली होती. रक्त थांबलं होतं. तो मात्र गुरासारखा ओरडत होता आणि बायकोला नाही नाही त्या शिव्या घालत होता.

सासूला ही सून कधीच पसंत नव्हती. घरदार सोडून कसलेसे वर्ग घेत हिंडणारी बाई. आजही नवऱ्यानं जरा हात उगारला, तर ही खोलीत शिरून कडी लावून बसली. मग त्यानं काचेच्या दाराला लाथ घातली नसती तर काय केलं असतं?

“दुखणारच,” सून म्हणाली. “अँब्युलन्स निघालीय. ती येईतोवर धरायला हवं.”

“तुला काय कळतंय? पाय बघ कसा पांढरा पडलाय. लंगडा करून घरी बसवायचाय तुला.”

आरडाओरडा ऐकून शेजारी दारात जमले. त्यांच्यादेखत सासूनं सुनेचा उद्धार केला. या बाईनं या घरात आजवर कुणाचं म्हणून ऐकलं नाही.

“सोड म्हणतो ना,” तो किंचाळला आणि धडधाकट पायानं तिला ढकलू लागला.

सुनेनं शेजाऱ्यांकडे पाहिलं, मग सासूकडे.

“नक्की सोडू? तुम्ही सांगताय?”

“हो, मीच सांगतेय. एकदा तरी ऐक.”

सुनेनं डाव उलटा फिरवला आणि त्याच्या अंगावर जाड रजई ओढली.

हळूहळू त्याचं ओरडणं थांबलं. चेहरा निवळला. सासूला हायसं वाटलं. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

“बघ, किती आराम पडला लेकराला.”

अँब्युलन्सवरचा माणूस धावतच आत आला. त्यानं रजई उचलली, मानेवर बोटं टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

“पीळ कुणी सोडला?”

“मी सोडायला लावला,” सासू म्हणाली. “हिला यातलं काही कळत नाही.”

त्यानं वळून सुनेकडे पाहिलं आणि तो चटकन अदबीनं उभा राहिला.

“मॅडम, तुम्ही? पेशंटनं शिव्या घातल्या, घरचे अंगावर धावून आले, तरी पीळ सोडायचा नाही, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत ना?”