मोकळी वायर

लॅबचे चारही कॉम्प्युटर सकाळपासून मख्ख बसले होते. रक्ताचे रिपोर्ट तयार, पण प्रिंटरपर्यंत पोचेनात. बाहेर बाकड्यांवर माणसं वैतागलेली. आणि लॅबवाले काका हाताची घडी घालून होऊ घातलेल्या जावयाकडे बघत होते. नेटवर्किंग मी माझं मीच शिकलोय, असं त्यानं परवाच तोंड वर करून सांगितलं होतं. काका म्हणाले होते, बघू. ते 'बघू' आज आलं होतं. लेक काउंटरवर बसलेली, होकार अजून काकांच्या खिशात.

तो भिंतीवरच्या स्विचपाशी गेला. सगळ्या वायरी येऊन मिळतात तो डबा. त्याचे सगळे दिवे पिसाळल्यासारखे लुकलुकत होते.

मग दिसलं. एका वायरीची दोन्ही टोकं त्याच डब्यात. म्हणजे एखाद्या कॉम्प्युटरनं नुसतं 'प्रिंटर कुठाय?' विचारलं, की डबा तो प्रश्न सगळ्या वायरींतून पुढे ढकलणार. या वायरीतून तो फिरून परत डब्यातच. डबा पुन्हा ढकलणार. एकच प्रश्न लाखो वेळा, रिपोर्टला जायला वाटच नाही.

कुणी केलं, हे काकांनीच सांगितलं, तेही कौतुकानं. पाचवा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलाय, त्याची वायर पायात यायची. सकाळी त्यांनी ती गुंडाळून मोकळं टोक रिकाम्या भोकात नीट खोचलं. लोंबतं काही त्यांना बघवत नाही.

त्यानं टोक हळूच उपसलं. दिवे शहाण्यासारखे वागायला लागले. प्रिंटर खडखडला.

"काय झालं होतं रे?"

"काही नाही काका. डबा जरा तापला होता."

काउंटरवरून तिनं मान वर केली.

काका मात्र खूश. संध्याकाळी आईबाबांना घेऊन घरी ये म्हणाले. त्याच्या पाठीवर थाप मारून वळले, लोंबतं टोक दिसलं, आणि बोलता बोलता त्यांनी ते परत भोकात खोचलं.

प्रिंटर अर्ध्या कागदावर थांबला. बाकड्यांवरून कुणीतरी सुस्कारा सोडला.

परत तापला वाटतं, असं पुटपुटत तो डब्याकडे निघाला. काउंटरपाशी तिनं त्याची बाही धरली.

"बाबांना आत्ताच सांग," ती हळू आवाजात म्हणाली. "नाहीतर जन्मभर हीच वायर काढत बसशील."