डावीकडे वळणारं पातं

"डावीकडे म्हणाली ना ती? मग हे उजवीकडे काहून वळवून राहिला तू?"

मुरलीधरकाका चहाचा ग्लास घेऊन मागे कधी येऊन उभे राहिले, श्रीरंगला कळलंच नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर टर्बाइनचं पातं नुकतंच आकाराला आलं होतं. कालव्यावरच्या एका लहानशा वीजघरात जुनं पातं तुटलं होतं. कारखान्याचीच हेमलता तिथे बसून त्याच्या तुकड्यांची मापं घेत होती आणि इकडे रिछाईच्या कारखान्यात श्रीरंग त्या मापांवरून नवं पातं उभं करत होता. लांबी, जाडी, पीळ, सगळं फॅक्सने आलं होतं. पाणी येतं त्या बाजूने पाहिलं तर पातं कुठे वळतं, एवढंच राहिलं होतं. तेही तिने आत्ताच फोनवर सांगितलं होतं.

"डावीकडेच तर वळवलं, काका."

"अबे, डावं म्हणजे लेफ्ट."

श्रीरंगचे कान गरम झाले. जन्म इथल्याच हिंदी मुलखातला, महाराजपुरातला, शाळा हिंदी, मराठी फक्त आईच्या स्वयंपाकघरापुरती. मराठीतलं डावं आणि हिंदीतलं दायाँ, म्हणजे उजवं, त्याच्या डोक्यात लहानपणापासून सख्खे भाऊ होते. ऐकायला इतके जवळचे शब्द, अर्थही एकच असणार, अशी त्याची खात्री. नागपूरची मावशी त्याच्या मराठीला हसायची ती काही उगाच नव्हे.

त्याने मुकाट्याने बटण दाबलं. पातं आरशातल्यासारखं पलटलं. काका समाधानाने चहा प्यायला लागले आणि श्रीरंगचा खरा गोंधळ तिथेच सुरू झाला. दोन्ही पाती सारखीच देखणी दिसत होती. मापं दोन्हीकडे तंतोतंत बसत होती. कॉम्प्युटरला कशाचंच काही नव्हतं, जे काय व्हायचं ते पाण्यात होणार होतं. संध्याकाळी फाइल साचा करायला जायची होती. उलट्या हाताचं पातं ओतलं गेलं असतं तर ते भंगारात गेलं असतं, आणि नोकरीत अजून कायम न झालेला श्रीरंग त्याच्या मागोमाग घरी.

काकांची मराठी पक्की होती, त्यात शंका नव्हती. पण हेमलताही याच शहरातली, राइट टाउनची. तिची शाळाही हिंदीच. "डावीकडे" म्हणण्यापूर्वी तीही जराशी अडखळली होती. विचारून टाकणं सोपं होतं, पण विचारायचं कसं? अख्ख्या कारखान्यात ती फक्त त्याच्याशी मराठीत बोलायची, आणि ते त्याला फार आवडायचं. आपल्याला डावं-उजवं कळत नाही, हे आता तिलाच सांगायचं? त्याने पातं पलटलं. पुन्हा पलटलं. हात फोनकडे गेला आणि परत आला. शेवटी नोकरीची भीती लाजेला भारी पडली.

"हेमलताजी, पातं वळतं कोणीकडे?"

"सांगितलं तर होतं. डावीकडे."

"हो, पण डावीकडे म्हणजे... कोणत्या हाताला?"

संपलं, श्रीरंगला वाटलं, आता ही हसणार आणि उद्यापासून आपल्याशी हिंदीत बोलणार.

"मला नीट सांगता नाही येत," ती हळूच म्हणाली. "आपण जेवतो ना ज्या हाताने, त्या हाताला."

श्रीरंगने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. फोन ठेवावासाच वाटेना.

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं.

"डावीकडेच म्हणाली, काका," श्रीरंग म्हणाला, आणि त्याने पातं पुन्हा उजवीकडे वळवलं.