पहिली ओळ

"वाघोबा कुठं हाय गं आज? गुरांना घास कापायला जाऊ का?" गयामावशीने दारातूनच विचारलं. बिबट्या दिसला की गावकरी मोबाईलवरून नोंदी पाठवत. त्या नोंदी एकाखाली एक दाखवणारा प्रोग्रॅम एंजेलाने स्वतःच शिकून लिहिला होता. ताजी नोंद सगळ्यात वर. "काल दिसला, मावशी, पार नदीपल्याड. जा बिनघोर." "मग त्याला हाकलायला ही थाळी कशाला बडवत फिरू?" थाळी ओट्यावर टाकून मावशी हसत गेली. संगणकाच्या पडद्याच्या तळाशी एकूण नोंदी आठ, वर ओळी सातच. एंजेलाने पुन्हा मोजल्या. मग आठवलं, चाचणीत घातलेली 'पहिली ओळ सोडून वाच' ही आज्ञा खोडायची राहिली होती. आज्ञा खोडून तिने लपलेली पहिली ओळ उघडली. 'आज, सकाळी सात. गयाबाईंच्या घासालगतचा ऊस.' थाळी बडवत ती धावली. "मावशी!" घासात नुसता मावशीचा विळा होता, आणि वारा नसताना ऊस हलत होता.