पानांचा कल

टाकी मांडली ती आमच्या ह्यांनी. तळाला माती, वर वाळू, आणि चिमट्याने लावलेलं एकेक रोप. मासे महिन्यानंतर सोडायचे होते.

दिवा बरोबर टाकीच्या वर असूनही चारच दिवसांत सगळी रोपं सासऱ्यांच्या खुर्चीकडे झुकली.

“सूनबाई, या घरात एवढा मान मला कुणीच दिला नव्हता,” सासरे हसले. आठवड्याने त्याच खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले.

दुसऱ्या दिवशी रोपं सरळ उभी होती.

आज सकाळी सगळी पानं भिंतीकडे वळलेली दिसली. भिंतीपलीकडे आमची लेक झोपते. मी ओरडूनच हाक मारली.

“आले गं आई, केवढ्याने ओरडतेस!” ती डोळे चोळत बाहेर आली. ती बेसिनपाशी पोचेपर्यंत पाण्यातली पानं तिच्यामागोमाग वळत राहिली.