वारुळावरची चौकट

अलाउद्दीनचाचांची चौकट अस्सल सागवानी ठरली. पण कागदोपत्री तसं काही घडलंच नाही, असं धरून चालू. मुठा गावातल्या त्यांच्या वखारीत दाराची चौकट घ्यायला आलेल्या बावधनच्या मनीषनं चारचौघांत विचारलं, "हे सागवान कशावरून?" चाचांची तीस वर्षांची पत पणाला लागली. "सागाच्या अंगात तेल आसतंय, सायेब. वाळवी तोंड लावत न्हाई. ठेवा वारुळावर!" मनीषनं लेखी करार केला: वाळवी लागली तर चाचांनी वखारीची पाटी उतरवायची, नाहीतर मनीषनं चारचौघांत माफी मागायची. कागद चौकटीलाच चिकटवला आणि चौकट वारुळावर ठेवली. पंधरा दिवस दोघं उकिडवे बसून वारूळ न्याहाळत होते. चौकटीवर ओरखडा नाही. करार मात्र सहीसकट फस्त. "कसला करार?" मनीष म्हणाला. "वाळवीला इचारा. शेवटचा तिनंच वाचलाय!" चाचांनी वनखात्याला अर्ज धाडला: सदर वाळवीस प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मानून तिचा जबाब तातडीने नोंदवावा, ही नम्र विनंती.